अहो अल्पविश्वासी

घराला कुलूप लावलं की म्हातारे पाद्रीबाबा ते दोनदा ओढून बघायचे. फाटकाशी उभी बायको म्हणायची, “अहो अल्पविश्वासी, चला आता.” बायबलात येशू शिष्याला ‘अरे अल्पविश्वासी’ म्हणतो, ते ‘अरे’ तिच्या तोंडी ‘अहो’ व्हायचं. पाद्रीबाबा लगेच शिकवायला लागायचे, “मूळ ग्रीक शब्द ओलिगोपिस्तोस. म्हणजे विश्वास थोडका का होईना, आहे. आणि येशूने हा शब्द परक्यांसाठी नाही, आपल्याच माणसांसाठी वापरला.” “मग मी तरी परक्याला कुठे म्हणतेय?” ती विचारायची. ती जाऊन महिना झाला. आज त्याच शब्दावर त्यांचं प्रवचन होतं. निघताना त्यांनी कुलूप दोनदा ओढलं. शेजारीण जाता जाता म्हणाली, “लागलंय हो, बाबा.” “माहीत आहे,” ते म्हणाले. बाई पुढे गेल्यावर त्यांनी ते पुन्हा ओढलं, फाटकापर्यंत ऐकू जाईल इतक्या जोरात, आणि मागे न वळता तसेच उभे राहिले.