हळदीतला उजेड

"नवरीचा चेहरा अंधारा येतोय," कॅमेऱ्याच्या स्क्रीनला जवळजवळ नाक लावून अनीश म्हणाला. "लाईट वाढव गं."

त्याची बायको प्राप्ती शेजारीच उभी होती. तिने कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेल्या एलईडीचं चाक फिरवलं.

थळच्या कोळीवाड्यात गुणाजीकाकांच्या मुलीची, प्रणालीची हळद चालली होती. आजचं शूटिंग नीट झालं तरच उद्याचं लग्न अनीशला, नाहीतर काका अलिबागहून दुसरा माणूस बोलावणार होते. तसं त्यांनी तोंडावरच सांगितलं होतं. मागच्या लग्नाच्या व्हिडिओत माणसं पिठात लोळल्यासारखी पांढरी दिसतात, अशी बोंब गावभर झाली होती ना. "त्यांचा टीव्हीच भिकार," असं अनीशचं म्हणणं. पण मनातून तो हादरला होता. शूटिंग सोडून त्याला दुसरं येत काय होतं?

म्हणून तर हा नवाकोरा लाईट घेतला. आणि मेला ऐन वेळी नखरे करत होता.

आधी त्याने लाईटवरचा दुधी पडदा काढला. मग बॅटरी बदलली. शेवटी लाईट कॅमेऱ्यावरून उतरवून कॅमेऱ्याच्या बाजूला जोडलेल्या लांब पट्टीवर स्क्रूने कसला, म्हणजे नवरीच्या आणखी जवळ नेता येईल. तरी स्क्रीनवर आपला मिणमिणाट.

"मंडपवाल्यानेही काय चिंगूसपणा केलाय. चार बल्ब लावलेत नुसते."

प्राप्तीने वर मंडपाकडे पाहिलं. "हं," एवढंच म्हणाली.

बेंजोच्या तालावर पोरं, बाया, म्हातारे सगळे नाचत होते, डोळ्यांवर काळे गॉगल चढवून. इकडे हळद म्हटली की गॉगल आलाच, त्यात नवल ते काय. नवरी मात्र सारखी डोळे मिटत होती.

"प्रणाली, इकडे बघ. डोळे उघड."

"न्हाय उघडत, दादा."

हळद गेली असेल डोळ्यांत, अनीशला वाटलं.

गुणाजीकाका कपाळावर हात आडवा धरून जवळ आले. "आरं, पोरीच्या डोल्यांतशी पानी येतंय. बास कर आता."

"सासरी जायचंय ना उद्या, काका. यायचंच पाणी," अनीश हसून म्हणाला.

तेवढ्यात नवरीचा मामा हळद लावायला पुढे झाला. घरचे सगळे याचीच वाट बघत होते. हे सुटलं की उद्याचं लग्नही हातचं गेलं.

"प्राप्ती, वाढव म्हटलं ना."

"वाढवलाय हो."

"कुठे वाढवलायस? मला दिसत नाही का?"

त्याने चिडून लाईट पट्टीवरून ओढून काढला. तव्यासारखा तापला होता. तापतोय एवढा आणि उजेडाच्या नावाने ठणठणाट! दुकानदाराने चांगलाच गंडवलाय, अर्धे दिवे जळत नसणार. बघावं म्हणून त्याने तो सरळ आपल्या तोंडासमोर धरला.

बेंजो थांबला. कुणीतरी "आरं, आरं" केलं.

"आता पूर्ण कर बघू," अनीश म्हणाला.

प्राप्तीचा हात त्याच्या हातावर आला.

"अहो, तो मघापासून पूर्णच आहे," ती म्हणाली. "तुम्ही डोळे का मिटत नाही?"