ट्रेचा ठोका

प्रोजेक्टरचा दिवा फट्‌ करून गेला, आणि समोरच्या नऊ विश्वस्तांपैकी एकानेही हूं की चूं केलं नाही. उलट कोऱ्या भिंतीकडे बघून अध्यक्ष म्हणाले, "वा! आलेख फारच बोलका आहे."

डॉक्टरबाई चाटच पडल्या. भिंतीवर आलेख सोडा, साधा डागही नव्हता. मग त्यांच्या मनात भलतीच शंका आली. बोलणं थांबवून त्यांनी नुसतेच ओठ हलवले. डावीकडच्या चिटणीसांनी जोरजोरात मान डोलावली. उजवीकडच्या निवृत्त न्यायाधीशांनी तर "मुद्दा पटला" असं लिहूनही घेतलं. टेबलावर. वही चार बोटं पलीकडे होती.

अगं बाई, असं आहे होय! ही रुग्णालयाची धर्मादाय संस्था. डोळ्यांच्या आणि कानांच्या आजारांवर कुणी संशोधन करायचं, हे हीच ठरवणार. आणि संस्थापकांनी नियम घालून ठेवलेला : ज्याचे डोळे-कान शाबूत, तोच विश्वस्त. दिसेनासं किंवा ऐकू येईनासं झालं की खुर्ची सोडायची. मग कोण कशाला कबूल करतो? सत्तरी उलटता उलटता कुणाचे आधी डोळे गेले, कुणाचे आधी कान, आणि शेवटी नऊही जणांचे दोन्ही. खुर्ची मात्र एकाचीही गेली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

म्हातारपणी डोळ्यांच्या आणि कानांच्या नसा सुकत जातात, त्यांना पुन्हा जाग आणणारं औषध बाईंनी अकरा वर्षं खपून तयार केलं होतं. सहाच रुग्णांना ते सुरू होतं. त्यातल्या एका आजींनी परवाच नातीची हाक ऐकली आणि हुंदके देऊन रडल्या. आज मंजुरी मिळाली नाही, तर सोमवारी प्रयोगशाळेला कुलूप आणि औषध बंद. पण हे सांगायचं कुणाला? या नऊ ठोकळ्यांना?

तेवढ्यात शिपाईमामा चहाचा ट्रे घेऊन आले आणि त्यांनी तो दणकन टेबलावर आपटला. नऊच्या नऊ हात वर झाले.

"मागच्या बैठकीचा वृत्तांत मंजूर," अध्यक्षांनी जाहीर केलं.

बाईंनी मामांना कोपऱ्यात घेतलं आणि कुजबुजत विचारलं. खरं तर बोंब मारली असती तरी चाललं असतं.

"मामा, हा ठोका कसला?"

"टेबल हादरलं की त्यांच्या हाताला कळतं ना. एक ठोका मंजूर, दोन नामंजूर." मामा जरा लाजले. "कुणीतरी करायला नको का, बाई? मागच्या वर्षीचं ते कानाचं यंत्र मीच पास केलं. चांगलं होतं बिचारं."

बाईंच्या जिवात जीव आला. निदान एक तरी माणूस ऐकणारा भेटला! त्यांनी मामांना सगळं उलगडून सांगितलं. नसा, औषध, सोमवारचं कुलूप, सगळं. आजींच्या गोष्टीपाशी आल्या तेव्हा मामांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खांद्यावरच्या फडक्याने त्यांनी नाक पुसलं.

"म्हणजे या औषधाने आमचे साहेबलोकसुद्धा बरे होतील?"

"नऊच्या नऊ, मामा! अगदी खात्रीने!"

मामा टेबलाकडे बघत राहिले. अध्यक्ष बिस्किट समजून खोडरबर चावत होते. मामांनी जाऊन ते हळूच काढून घेतलं आणि त्यांच्या हातात बिस्किट ठेवलं. मग ट्रे उचलला.

दण्‌.

बाईंनी हात जोडले.

दण्‌.

नऊ माना एकदम नकाराच्या हलल्या. "एकमताने नामंजूर!" अध्यक्ष म्हणाले.

"अहो मामा!" बाईंना रडूच फुटलं. "तुम्हाला तर पटलं होतं ना सगळं?"

"पटलं म्हणून तर पाचावर धारण बसली, बाई," कप गोळा करत मामा म्हणाले. "उद्या यांना दिसायला-ऐकायला लागलं, तर मला कोण विचारतो?"