भाकरतुकडा

कुत्र्याचं पिल्लू घरी यायच्या आधी माझ्या बायकोने, श्रुतिकाने, नेटवरची यादी बघून सगळं सामान मागवलं. गादी, दोन वाट्या, पट्टा, चावायचं हाड आणि डॉक्टरांनी सांगितलेलं महागडं खाणं. दहिसरच्या आमच्या वन बीएचकेत ती गादी मावेना, म्हणून माझी खुर्ची गॅलरीत गेली.

पिल्लाला घेऊन मी दारात पोचलो, तर आई भाकरीचा तुकडा घेऊन आडवी.

"थांब रे. तसाच घरात नेतंस तेका? दृष्ट लागात."

तिने तुकडा पिल्लावरून ओवाळला आणि बाहेर टाकला. पिल्लाने माझ्या हातातून उडी मारून तो खाल्ला.

"मेल्यान दृष्टच खाल्ल्यान," म्हणत आई दुसरा तुकडा घेऊन आली. तोही गेला. असे पाच झाले. आत श्रुतिका महागड्या खाण्याची वाटी धरून बसली होती.

आज महिना झाला. फिरून आलं की पिल्लू उंबरठ्याबाहेर बसून राहतं. आईने ओवाळल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही.



मागे पट्टा धरून मी उभा असतो. माझ्यावरून शेवटचा तुकडा ओवाळला, तो लग्नाच्या दिवशी.