शार्लीनची कबुतरी

राखाडी कबुतरी खुराड्याच्या फळीवर उतरली तेव्हा केपटाउनच्या मिचेल्स प्लेन वस्तीतल्या छपरांवर संध्याकाळचं ऊन होतं. नोलन अडॉनिसने तिला हातात घेतलं, पायातल्या कड्यावरचा आकडा वाचला आणि तो पुन्हा वाचला. ही आता इथली नव्हती. ही शार्लीनची होती.

दीड वर्षापूर्वी लेक लग्न करून ब्लूमफोन्टेनला निघाली, तेव्हा त्यानेच याच खुराड्यात वाढलेली ही कबुतरी तिच्या हाती दिली होती. जावई त्शेपो रेल्वेचं इंजिन चालवायचा. परका मुलूख, परकी बोली. नोलनला तो काही केल्या पसंत नव्हता. "फोनवर तू सगळं ठीकच म्हणशील," तो लेकीला म्हणाला होता. "जीव नकोसा झाला तर हिला सोड. ही आली की मी आलोच."

"मावीस, त्या पोराने काहीतरी केलंय," तो स्वयंपाकघरात शिरत म्हणाला.

बायकोने कबुतरीकडे पाहिलं आणि गॅस बारीक केला. "फोन करू?"

"नको. तो शेजारीच बसलेला असला तर?"

उभा जन्म त्याने शर्यतीच्या पाखरांसाठी असेच हिशोब केले होते. ब्लूमफोन्टेन ते केपटाउन, सरळ रेषेत नऊशे किलोमीटर. वारा पाठीशी असला तर दहा-अकरा तास. म्हणजे पहाटे सोडली. पहाटे त्या घरात काय झालं असेल? बसने जायचं तर बारा-तेरा तास. तोवर काय वाट्टेल ते होईल.

"विमानाला पावणेदोन तास," मावीस मोबाइलवर बोट फिरवत म्हणाली. "उद्या सकाळच्या विमानात एक जागा आहे."

मेलो तरी विमानात बसणार नाही, असं सांगत फिरणारा नोलन मुकाट्याने हो म्हणाला.

सकाळी तिने इस्त्रीचा शर्ट दिला आणि पाकात घोळून खोबरं लावलेल्या कोसिस्टरांचा डबा हातात ठेवला. "त्शेपोला आवडतात."

"मी त्याचे दात पाडायला चाललोय, आणि तू त्याला गोडधोड पाठवतेस?"

विमानात तो डोळे मिटून बसला. पावणेदोन तासांत त्याने मनातल्या मनात जावयाला तीनदा बडवलं आणि देवाची शंभरदा करुणा भाकली.

दार त्शेपोनेच उघडलं. कमरेला ॲप्रन, हातात कालथा. त्याच्या मागून शार्लीन आली, धडधाकट, हसरी, जरा अंगाने भरलेली. नोलनने तिचे हात पाहिले, गळा पाहिला, शर्यतीहून परतलेलं पाखरू तपासावं तसं. कुठे ओरखडाही नव्हता. छातीवरचा धोंडा उतरला आणि त्याला एकदम रडू फुटलं.

"मग कबुतरी का सोडलीस?"

"चारदा बोलावलं. दरवेळी म्हणालात, शर्यतींचा हंगाम संपू दे. कबुतरीला एक दिवस लागला डॅडी, विमानाला पावणेदोन तास. तुम्हाला दीड वर्ष लागलं."

टेबलावर तीन ताटं मांडलेली होती. नोलनने डोळे पुसले, डबा जावयाच्या हातात दिला आणि खुर्ची ओढून बसला.

"नशीब म्हण," तो म्हणाला, "सकाळच्या विमानात एक जागा उरली होती."

शार्लीन त्शेपोकडे बघून हसली. "उरली नव्हती, डॅडी. ममीने ती महिन्यापूर्वीच तुमच्या नावाने काढून ठेवली होती."