डब्यांच्या जागा

"काका, चहात मीठ!" सिस्टरनं तोंड वाकडं केलं. चारूची आई गेल्यावर तिचे दृष्टी नसलेले वडील, अण्णा, घरी एकटे राहू शकतील का, हे तपासायला ती दवाखान्याकडून आली होती.

"डबे कुणी हलवले?" अण्णांनी विचारलं.

"मीच," चारू म्हणाली. "तुम्हाला सोपं जावं म्हणून."

"अगं शहाणे, तुझ्या आईनं चाळीस वर्षं एक डबा हलवला नाही. सगळं पाठ आहे मला!"

चारूनं डबे आईनं ठरवलेल्या जागी ठेवले. अण्णांनी पुन्हा आधण ठेवलं, चाचपत वेलची सोलली, थेंबही न सांडता चहा गाळला.

कप संपवून सिस्टरनं फॉर्मवर शेरा लिहिला. तो मोठ्यानं वाचून दाखवायची पाळी चारूवरच आली:

"खुशाल एकटे राहू शकतात. मुलीला मात्र स्वयंपाकघरात एकटं सोडू नये."