अख्खा लाडू

बाबा गुटख्यानं गेले, म्हणून गुटखा खाणारा नवरा नको, एवढीच माझी अट होती. कन्नडहून मला बघायला आलेल्या मुलाचे दात चुन्यासारखे पांढरे होते. फोटोत मात्र त्यानं ओठ घट्ट मिटले होते. मला तिथंच शंका आली. माठातल्या गार पाण्यानं तो कळवळला. आम्हाला बोलायला गॅलरीत पाठवलं, तर उजेडात त्याच्या हिरड्या पोळून पांढऱ्या पडलेल्या दिसल्या. “दातांना काय लावलंत?” मी विचारलं. “जखमा धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड. चमकायला लावलं, आता लई ठणकतात.” “आणि गुटखा?” “आईशपथ, कधीच नाय.” तेवढ्यात मामा ताट घेऊन आले. “झालं ना बोलून? आता तोंड गोड करा.” मीच अख्खा लाडू त्याच्या ओठांपाशी नेला. त्यानं जोर लावला, तरी तोंड एक बोट जाईल एवढंच उघडलं. मी लाडू परत ताटात ठेवला. शेवटच्या वर्षी बाबांचंही तोंड एवढंच उघडायचं.