कडी कोणत्या बाजूला

"नक्की बाहेरूनच ना?" सुताराने विचारलं. ओठांत स्क्रू धरलेले असल्यामुळे शब्द चेपून बाहेर आले.

"बाहेरूनच," तिची आई म्हणाली. "आणि चांगली दणकट बसवा."

ती बाळाला खांद्यावर घेऊन खिडकीपाशी उभी राहिली. बाळ केव्हाच झोपलं होतं, तरी थोपटणारा हात थांबत नव्हता. कडीला हो तिनेच म्हटलं होतं. काल दुपारी ती अंघोळ करून आली तर हॉलमधला पाळणा रिकामा. बाळ मॅडमच्या खोलीत, मॅडमच्या मांडीवर. बाळाला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. पण तो रिकामा पाळणा रात्रभर तिच्या डोळ्यांसमोरून हलला नाही.

दार मॅडमच्याच खोलीचं होतं. मॅडमने चाळिशी ओलांडली होती, समज मात्र लहान मुलीचीच राहिली होती. अक्षर लागत नव्हतं, पैसे कळत नव्हते, पण घरात हुकूम तिचा चालायचा, म्हणून मॅडम. पलीकडच्या खोलीत शेठ, तेही तसेच, आधी संस्थेत वाढलेले. पोट मोठं, बोलणं मोजकं. वर्कशॉपमध्ये पाकिटांवर लेबलं चिकटवायचे, आज सुट्टी म्हणून घरी. या दोघांच्या घरात ती आणि तिचा नवरा राहायला आले होते. कामाला नव्हे, एका घरातली माणसं म्हणून राहायला. हा फरक तिच्या आईच्या पचनी पडला नव्हता.

"माझ्या दाराला कडी!" मॅडम सुताराच्या भोवती नाचत होती. "काका, सरळ बसवा हं. वाकडी चालायची नाही."

"होय मॅडम."

"बघ, किती खूश आहे," आई कुजबुजली. "तूच उगाच जिवाला लावून घेतेस."

ड्रिल घुरघुरलं. बाळ दचकून रडायला लागलं. आवाजाने शेठ बाहेर आले. त्यांनी सुताराच्या हातातली कडी पाहिली, मग दार पाहिलं.

"तिकडं अशी होती," ते म्हणाले.

"कुठे, शेठ?"

"तिकडं. आधी राहायचो तिथं. बाहेरून." ते थांबले. "हाका मारायच्या. कुणी येत नाही."

आणि ते उंबऱ्यावर बसले. ऐसपैस, चौकटीच्या दोन्ही बाजूंना खांदे लावून.

"अहो, उठा बघू," आई म्हणाली. "कामाचा माणूस खोळंबलाय."

"नाही."

"उठा म्हणते ना!"

"नाही."

"घ्या! आता हे एक. सांग बाई तुझ्या शेठना, तुझं तरी ऐकतील."

पण ती मॅडमकडे बघत होती. मॅडमचं नाचणं थांबलं होतं. दाराच्या कोऱ्या आतल्या बाजूवरून ती हात फिरवत होती. "मग मी आतून कशी काढू?"

सुताराने ड्रिल खाली ठेवलं.

कालपासून तिने हे सगळं नवऱ्याला सांगितलं होतं, आईला सांगितलं होतं, सुतारालाही थोडंफार सांगितलं होतं. विचारलं मात्र कुणालाच नव्हतं.

"मॅडम, काल बाळाला का उचललंत?"

"विचारून उचललं," मॅडम ठसक्यात म्हणाली. दार वाजवल्याशिवाय कुणी कुणाच्या खोलीत जायचं नाही, हा या घरातला नियम तिचाच. सकाळी सुतारालाही तिने परत बाहेर पाठवून दार वाजवायला लावलं होतं. "पाळण्यावर टकटक केली. मी आलेय म्हटलं. मग तो हसला."

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती खिडकीजवळच्या पलंगावर टेकली.

"मॅडम, बाळाचं हसणं चालत नाही. मला विचारायचं."

"तुला का? पाळण्यात तू होतीस?"

"बाळ माझं आहे."

मॅडमने विचार केला. "आणि तू नाही म्हणालीस तर?"

"तर नाही."

"मी रागावीन."

"रागवा."

"बरं," मॅडम म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय मिटला होता.

"काका, कडी आतून बसवा," ती पलंगावरून सुताराला म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं?" आईचा आवाज चढला. "ना नात्याची, ना गोत्याची, आणि तिच्यापायी पोटचं पोर पणाला लावतेस?"

"पोर माझ्याजवळ आहे, आई. भीती मला वाटतेय. झोप लागली नाही तर मी जागी राहीन. माझ्या झोपेसाठी तिला कोंडायचं नाही."

"मग मी नेते बाळाला माझ्याकडे."

"बाळ कुठेही जाणार नाही. तुला राहायचं तर तू राहा."

"बाहेरून दोन भोकं पडलीत ताई," सुतार हळूच म्हणाला.

"पडू देत."

कडी आतल्या अंगाला बसली, तेव्हाच शेठ उठले. मॅडमने सुताराला त्याच्या पेटीसकट बाहेर काढलं, दार लोटलं आणि कडी घातली. खट्.

सुतार गेला. आईने फुगलेल्या तोंडाने का होईना, सगळ्यांची ताटं वाढली आणि दारापाशी जाऊन हाक मारली. "या जेवायला."

"आत्ता नाही," आतून आवाज आला.

"बघ!" आई वळली. "आता उघडत नाही. आता काय करशील?"

"काही नाही. ताट झाकून ठेवते."

आत कडी निघाली. परत लागली. परत निघाली.